एकसष्ट चुकांचा अर्ज

धाकटीला जन्मापासून दिसत नव्हतं, पण घरच्यांना त्याचा त्रास कधी झाला नाही. त्रास होता तो तिच्या चुका काढण्याचा. कपाटाचं दार बोटभर उघडं राहिलं तरी हिला कळायचं. दादाने उशिरा येऊन काहीतरी थाप मारली तर त्याच्या आवाजावरून हिला कळायचं. पाहुण्यांनी "वा, चहा फक्कड!" म्हणत अर्धा कप तसाच ठेवला, तर बशीत कप टेकल्याच्या आवाजावरून हिला कळायचं. बरं, कळलं तर गप्प बसावं की नाही? छे! ती पाहुण्यांदेखत सांगून मोकळी व्हायची. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "या गुणाचे कोणी पैसे दिले असते ना, तर आज आपला बंगला असता."

आणि बघा, तसं काम खरंच निघालं! वेबसाइट आणि ॲप न दिसणाऱ्याला, न ऐकू येणाऱ्याला, हात थरथरणाऱ्याला धड वापरता येतात की नाही ते तपासायचं आणि चुका काढून द्यायच्या. ॲक्सेसिबिलिटी टेस्टर म्हणतात त्याला. धाकटीने आठ महिन्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली, पहिली आली. मग दीड वर्ष घरी बसली. आमच्या चुका काढायला या हो, असं आमंत्रण कोण आपणहून देतं?

दादा टायरच्या दुकानात मॅनेजर होता. माणूस लाख चांगला, बहिणीवर जीव. पण त्याचं एक ठाम मत होतं, की यंत्र कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस. टायर रस्त्यात फुटला तरी तो आधी गिऱ्हाइकालाच विचारायचा, "तुम्ही काय केलंत?" त्याने धाकटीला सांगून टाकलं होतं, "या महिनाअखेरपर्यंत बघ. नाहीतर पहिल्या तारखेपासून दुकानात फोन घ्यायला बस. मालकांशी बोललोय मी."

त्या फोनवर धाकटी पूर्वी एक आठवडा बसली होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, "हॅलो, टायर." "गाडी कोणती? थांबा हं, देते." कामात कष्ट काहीच नव्हते, आणि तिला धडकी भरली होती ती त्याचीच. पगार वेळेवर, माणसं प्रेमळ, खुर्ची मऊ. अशा जागेवर माणूस एकदा बसला की साठाव्या वर्षी निरोपाचा हार घालूनच उठतो. धाकटीला ते नको होतं. तिला चुका काढायच्या होत्या, आणि त्यासाठी पगार हवा होता.

अशात जाहिरात आली. साडेचारशे बसगाड्या असलेली आणि घरबसल्या तिकिटं विकणारी एक मोठी कंपनी होती. तिला आपल्या वेबसाइटसाठी ॲक्सेसिबिलिटी टेस्टर हवे होते. जागा दोन. अर्ज फक्त ऑनलाइन. मुदत पंधरा दिवस.

धाकटीने कॉम्प्युटर उघडला. तिच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाज होता, त्याला ती बडबड्या म्हणायची. बडबड्या प्रामाणिक. जे लिहिलंय ते वाचणार, जे लिहिलेलं नाही ते कुठून वाचणार? फॉर्म उघडल्या उघडल्या तो म्हणाला, "बटण. बटण. बटण. बटण. संपादन चौकट. संपादन चौकट. बटण."

कशाचं बटण, कसली चौकट, पत्ता नाही. धाकटीने अंदाजाने नाव टाकलं, ते पिनकोडात गेलं. जन्मतारखेला एक कॅलेंडर उघडलं, चालू महिन्याचं. वर्ष निवडायची सोय नाही. एक बटण दाबलं की महिना बदलणार, बस्स. ती सव्वीस वर्षं पाच महिन्यांची, म्हणजे तीनशे सतरा वेळा बटण दाबायचं. पहिल्या खेपेला तिने चुकीचं बटण धरलं आणि पुढेपुढे जात राहिली. बडबड्याने वर्ष सांगितलं तेव्हा तिला कळलं, की या हिशेबाने आपला जन्म व्हायला अजून चार वर्षं आहेत.

दुसऱ्या खेपेला ती योग्य महिन्यावर पोचली, आणि बडबड्या म्हणाला, "वेळ संपली. कृपया पुन्हा सुरुवात करा." फॉर्मला दहा मिनिटांची मुदत होती. पाचव्या खेपेला ती वाऱ्याच्या वेगाने शेवटापर्यंत गेली. तिथे लिहिलं होतं, "आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. ज्या चित्रांत बस दिसते ती निवडा." आणि बडबड्या म्हणाला, "प्रतिमा. प्रतिमा. प्रतिमा." अशा नऊ.

"दे इकडे, मी भरतो," दादा म्हणाला. "चार मिनिटांचं काम."

"शेवटचं वाक्य वाच."

दादाने वाचलं. "हा अर्ज मी स्वतः, कोणाचीही मदत न घेता भरला आहे. अगं, त्यात काय? टिक कर आणि सोड."

"मी खोटी टिक करून चुका काढायची नोकरी मिळवू?"

"साधा फॉर्म आहे गं! लाखो लोक भरतात. तूच काहीतरी चुकीचं दाबत असशील."

हे वाक्य धाकटीला झोंबलं. असं झोंबलं, की तिने रात्रीच्या जेवणापर्यंत फॉर्मची खडान्‌खडा तपासणी केली. एकसष्ट चुका निघाल्या. प्रत्येकीला क्रमांक, कुठे आहे, कोणाला अडते, कशी दुरुस्त करायची, सगळं व्यवस्थित. आठ पानं झाली. वर तिने नाव, घरचा पत्ता, फोन नंबर घातला आणि लिहिलं, "ॲक्सेसिबिलिटी टेस्टर पदासाठी अर्ज. माझं काम सोबत जोडलं आहे." फॉर्मच्या खाली ईमेलचा पत्ता होता, "अर्ज भरताना अडचण आल्यास इथे कळवा." तिथे तिने ते पाठवून दिलं आणि छाती फुगवून जेवायला बसली. कोर्समध्ये पहिली आलेली मुलगी! आठ पानी काम बघून कंपनी गाडी पाठवेल, अशी तिची खात्री होती.

तो पत्ता तक्रार विभागाचा होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. सोबत सवलतीचं कूपन जोडत आहोत." कूपन चित्राच्या रूपात होतं. बडबड्या म्हणाला, "प्रतिमा." धाकटीने लगेच कळवलं, "चूक क्रमांक बासष्ट. तुमचं कूपन मला वाचता येत नाही. माझ्या अर्जाचं काय झालं?"

तिसऱ्या दिवशी फुलं आली. चौथ्या दिवशी केक आला, त्यावर क्रीमने लिहिलं होतं, "क्षमस्व." धाकटीने बोट फिरवून तो वाचला, म्हणजे या कंपनीकडून आलेली तिला वाचता आलेली पहिली गोष्ट ती. पाचव्या दिवशी छत्री आणि दोन मग आले. प्रत्येक वेळी ती लिहायची, "मला हे नको, मला नोकरी हवी आहे," आणि प्रत्येक वेळी उत्तर यायचं, "आपली नाराजी आम्ही समजू शकतो."

आई मात्र खुशीत होती. तिने मग कपाटात लावले, छत्री दाराशी टांगली आणि हळूच विचारलं, "अगं, अजून थोडी चिडून लिहिलंस तर मिक्सर देतील का?"

सहाव्या दिवशी फोन आला. बाईंचा आवाज असा गोड, की कानाला मुंग्या लागाव्यात. "मॅडम, मी तक्रार विभागातून बोलतेय. आपलं समाधान झालं का?"

"नाही."

"अरेरे! केक आवडला नाही का?"

"केक चांगला होता. बाई, माझी तक्रार नाहीये. तो माझा अर्ज आहे. मला तुमच्याकडे नोकरी हवी आहे."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, माझ्या यादीत चार प्रकार आहेत. तिकीट, परतावा, सामान आणि इतर. नोकरी नाहीये. मी तुम्हाला 'इतर'मध्ये घातलंय."

"मग ते पुढे अर्जांच्या लोकांकडे पाठवा ना."

"आधी तक्रार मिटल्याशिवाय पुढे पाठवता येत नाही."

"आणि तक्रार मिटली की?"

"मिटली की पाठवायचं काही उरतच नाही ना, मॅडम."

मग बाईंचा आवाज खाली आला, गोडवा गेला आणि माणूस बोलायला लागला. "हे बघा, सातव्या दिवशी संध्याकाळपर्यंत न मिटलेली तक्रार लाल होते. चार वर्षांत माझी एकही लाल झालेली नाही. फक्त 'समाधान झालं' एवढं म्हणा हो. मी तुमच्या पाया पडते."

"लाल झाली तर काय होतं?"

"माझ्या साहेबांकडे जाते. त्यांच्याकडून त्यांच्या साहेबांकडे. आणि तिथूनही नाही मिटली तर, देव न करो, मोठ्या साहेबांकडे."

"मोठे साहेब माणसं नेमतात?"

"तेच तर नेमतात सगळ्यांना."

"मग माझं समाधान झालेलं नाही," धाकटी म्हणाली. "आणि होईल असं वाटतही नाही."

त्यानंतर जे सुरू झालं ते काही विचारू नका. सातव्या दिवशी तक्रार लाल झाली. नवव्या दिवशी बाईंचे साहेब घरी येऊन माफी मागून गेले. धाकटी म्हणाली, समाधान नाही. अकराव्या दिवशी त्यांचे साहेब येऊन त्याहून लांबलचक माफी मागून गेले आणि एक मिक्सर ठेवून गेले. आई म्हणाली, "झालं हो समाधान!" धाकटी म्हणाली, "तिचं झालं. माझं नाही." इकडे दादाच्या डोक्याला ताप. "अगं, चार दिवसांत मुदत संपतेय आणि तू माफ्या काय गोळा करत बसलीस? दुकानात खुर्ची तयार आहे तुझी!" धाकटीने वरवर कानाडोळा केला, पण आतून ती घाबरली होती.

चौदाव्या दिवशी, म्हणजे मुदतीला एकच दिवस उरला असताना, सकाळी अकराला मोठे साहेब आले. बरोबर गोड आवाजाच्या बाई आणि समाधानी ग्राहकाचा फोटो काढायला एक फोटोग्राफर. एवढी माणसं त्या बैठकीच्या खोलीत मावेनात. फोटोग्राफर दाराच्या चौकटीतच उभा राहिला. साहेब सोफ्यावर बसले, तो सोफा करकरला, त्यावरून धाकटीने त्यांचं वजन ओळखलं, पण नशीब, ते तिने बोलून नाही दाखवलं.

"ताई," साहेब म्हणाले, "माझी चौतीस वर्षांची कंपनी आहे. आजवर एक ग्राहक नाराज गेला नाही. तुम्हाला हवंय तरी काय?"

"नोकरी."

"मग अर्ज करा की! कोणी अडवलंय?"

"तुमच्या फॉर्मने."

साहेब मोठ्याने हसले. "तो? अहो, एकदम साधा फॉर्म आहे तो. लहान मूल भरेल."

"मी पण तेच सांगतोय हिला," दादा म्हणाला.

धाकटी उठली. तिने कॉम्प्युटर आणून साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि पडदा बंद करून टाकला. बडबड्या चालू ठेवला. "भरून दाखवा," ती म्हणाली. "तुम्ही भरलात तर माझं समाधान झालं. आत्ता फोटो काढू."

बाईंच्या तोंडून "हुश्श" निघालं. साहेबांनी बाह्या सरसावल्या.

"बटण," बडबड्या म्हणाला. "बटण. बटण."

"कसलं बटण?" साहेबांनी विचारलं.

"चूक क्रमांक एक ते आठ," धाकटी म्हणाली.

साहेबांनी स्वतःचं आडनाव पिनकोडात घातलं, पिनकोड शिक्षणात घातला आणि घामाघूम होऊन जन्मतारखेपर्यंत पोचले. साहेबांचं वय अठ्ठावन्न वर्षं नऊ महिने. दादा आकड्यांत पक्का, त्याने तोंडी हिशेब केला. "सातशे पाच वेळा दाबा, साहेब. मी मोजतो."

आणि सुरू झालं. टक, टक, टक. दादा मोजतोय, बडबड्या महिने सांगतोय, साहेबांचं बोट चाललंय. दोनशेला साहेबांनी कोट काढला. तीनशेला बोट बदललं. तीनशे नव्वदला आईने पाण्याचा पेला पुढे केला, तर साहेब खेकसले, "आत्ता नको! माझं लग्नाचं वर्ष गेलंय आत्ताच!" सहाशे नव्वदपासून सगळी खोली एका सुरात मोजायला लागली, फोटोग्राफरसुद्धा. सातशे तीन, सातशे चार, सातशे पाच!

"वेळ संपली," बडबड्या म्हणाला. "कृपया पुन्हा सुरुवात करा."

साहेबांनी त्याला जो शब्द वापरला तो इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी चलाखी केली. एवढ्या मागे जायचंच कशाला म्हणून एकशे आठलाच थांबले. बडबड्याने शांतपणे सांगितलं, "अर्जदाराचं वय नऊ वर्षं. अठरा वर्षांखालील उमेदवार पात्र नाहीत." तिसऱ्या खेपेला ते अठरा वर्षांचे झाले, आणि शेवटी एकदाचे त्या चित्रांपाशी पोचले.

"आपण माणूस आहात हे सिद्ध करा. ज्या चित्रांत बस दिसते ती निवडा. प्रतिमा. प्रतिमा. प्रतिमा."

"यात बस कुठली?" साहेब ओरडले.

बाईंना राहवेना. त्या साहेबांच्या कानाशी वाकल्या. "साहेब, अंदाजाने वरची डावी..."

"मदत नाही," धाकटी म्हणाली.

साहेबांनी देवाचं नाव घेऊन तीन चित्रं निवडली. साडेचारशे बसगाड्यांचा मालक, पण नऊ चित्रांत एक बस सापडेना! बडबड्या म्हणाला, "क्षमस्व. आपण माणूस आहात हे सिद्ध झालेलं नाही."

आई पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून तिच्या हसण्याचा आवाज यायला लागला.

साहेबांचा पारा चढला. त्यांनी खिशातून फोन काढला. "आत्ताच्या आत्ता सांगतो यांना! काय चाललंय काय माझ्या कंपनीत!" त्यांनी कंपनीचा नंबर फिरवला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा असं करत करत शेवटी घंटा वाजली. वाजली ती त्याच खोलीत. बाईंच्या पर्समध्ये.

बाई गोंधळल्या, पण चार वर्षांची सवय. त्यांनी फोन कानाला लावला आणि हातभर अंतरावरच्या साहेबांना त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "नमस्कार! आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. आपली तक्रार 'इतर'मध्ये नोंदवू का?"

हसू आता कोणालाच आवरेना. साहेब आधी लाल झाले, मग जांभळे, आणि मग त्यांनाही फुटलं. सोफा करकर करेपर्यंत हसले. दादा मात्र हसत नव्हता. तो मघापासून कॉम्प्युटरकडे बघत होता. हसणं थांबल्यावर त्याने विचारलं, "धाकटे, तू हे पाच वेळा केलंस?"

"हा फॉर्म पाच वेळा. बाकीचे असतात ते वेगळे."

"आणि मी म्हणालो, तूच चुकीचं दाबत असशील."

"हो. म्हणालास."

दादाने तिच्या हातातली कॉम्प्युटरची वायर घेतली आणि नीट गुंडाळून ठेवली. त्याला एवढंच सुचलं.

साहेबांनी ती आठ पानं मागवली आणि तिथेच बसून बाईंकडून वाचून घेतली. एकसष्टावी चूक संपल्यावर म्हणाले, "ताई, उद्यापासून या. तीन आठवडे. हा फॉर्म दुरुस्त करून घ्या, त्याचे पैसे देतो. मुदत पण वाढवतो. पण दोन कायमच्या जागा मात्र अर्ज मागवूनच भरणार, हा माझाच नियम आहे. तुम्हीही त्याच फॉर्ममधून अर्ज करा. बाकीच्यांसारखी मुलाखत द्या. चालेल?"

"पळेल," धाकटी म्हणाली. दादाच्या मालकांनी तीन आठवडे खुर्ची अडवून ठेवायचं कबूल केलं.

ते तीन आठवडे धाकटीने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. फॉर्म ज्यांनी बनवला होता ते एक मिशीवाले गृहस्थ होते. माऊसला हात न लावता कॉम्प्युटर चालतो, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. धाकटीने पहिल्याच दिवशी त्यांचा माऊस काढून आपल्या पर्समध्ये टाकला आणि रोज संध्याकाळी सहाला परत दिला. बटणांना नावं आली, चौकटींना मथळे आले. जन्मतारीख सरळ टाइप करता यायला लागली. दहा मिनिटांची मुदत गेली, बसची चित्रं गेली, कोणाची मदत न घेतल्याची ती टिकही गेली. रोज संध्याकाळी ती यादीतले आकडे खोडत घरी यायची.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी जेवताना दादा म्हणाला, "एक सांगू? चिडू नकोस. फॉर्म एकदा नीट झाला की तुझ्यासारखे शेकडो जण अर्ज करणार. जागा दोनच. ते जन्मतारखेचं तेवढं जुनंच राहू दे की दोन दिवस. तुझा अर्ज गेला की कर दुरुस्त. कोणाला कळणार आहे?"

धाकटीने घास तसाच ठेवला. मोह झाला तिला, खोटं कशाला बोला? समोर ती मऊ खुर्ची होती, "हॅलो, टायर" होतं, साठ वर्षांचं वय आणि निरोपाचा हार होता. एक बटण. फक्त एक. सगळं जेवण होईपर्यंत ती त्या बटणाचाच विचार करत होती, इतका की आई भाजीत मीठ घालायला विसरलीय हेही ती बोलली नाही. आईला तर ती आजारी पडल्यासारखंच वाटलं.

"नाही रे दादा," शेवटी ती म्हणाली. "मला ते उद्या रात्री झोपू देणार नाही. आणि भाजीत मीठ नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला नवा फॉर्म सुरू झाला. धाकटीने तेव्हाच भरायला हवा होता, पण ऑफिसच्या वेळेत स्वतःचा अर्ज भरणं तिला बरोबर वाटेना. डोकं आहे का या मुलीला? संध्याकाळी सातला घरी येऊन, हातपाय धुऊन, मग ती बसली. पाच मिनिटांत फॉर्म भरून झाला. शेवटचं बटण दाबलं.

"अर्ज मिळाला," बडबड्या म्हणाला. "आपला क्रमांक सत्तावीस."

तीन तासांत सव्वीस जण! जागा तर दोनच. आणि त्याच वेळी तिला असा काही आनंद झाला, की डोळ्यांत पाणीच आलं. सव्वीस माणसं दाराबाहेर उभी होती, आणि तिला वाटत होतं आपण एकटीच.

"सांगितलं होतं मी," दादा म्हणाला, पण त्याचाही आवाज भरून आला होता, ते तिला कळलंच.

मुदतीअखेर एकशे बारा अर्ज झाले. मुलाखती झाल्या, परीक्षा झाली. धाकटी पहिली आली नाही. दुसरी आली. जागा दोन होत्या म्हणून निभावलं! पहिला आला तो पूर्वी पियानोचे सूर लावायचा, तोही न दिसणारा. त्याने मुलाखतीत एकच कागद पुढे केला होता. त्या कागदावर नव्या फॉर्ममधल्या, म्हणजे धाकटीने दुरुस्त केलेल्या फॉर्ममधल्या, चार चुका होत्या.

नोकरी मिळाल्याचे पेढे राहिले बाजूला, धाकटी जळफळत होती. दोघांची टेबलं शेजारी शेजारी. ती चार दिवस त्या माणसाशी एक अक्षर बोलली नाही. खुर्चीसुद्धा मुद्दाम आवाज करून सरकवायची. पाचव्या दिवशी सकाळी उठून त्याच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "तुमची तिसरी चूक चूकच नाहीये."

"बसा," तो म्हणाला. "ऐकवतो."

ते दोघं जे भांडायला लागले ते जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी थांबेनात. गोड आवाजाच्या बाई दोनदा डोकावून गेल्या, कोणाचं समाधान करावं ते त्यांना कळेना. शेवटी चूक निघालीच. धाकटीने दोनदा, तीनदा, चारदा तपासलं. चूकच होती. तिला ती सापडली नव्हती आणि त्याला सापडली होती.

त्या दिवशी ती घरी आली ती चपला काढायच्या आधीपासूनच बोलत होती. आईला काही समजेना. "अगं, म्हणजे झालं काय? तू हरलीस?"

"हरले!" धाकटी एवढ्या आनंदाने म्हणाली, की आतल्या खोलीतून दादा धावत बाहेर आला. "चक्क हरले गं आई! आता लवकर जेवायला वाढ. उद्या सकाळी लवकर जायचंय, त्याची एक तरी चूक काढल्याशिवाय मी सोडणार नाही."